जामिनापूर्वीचा अंक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतील काही राज्ये आरोपीला खटल्यापूर्वी सोडावे की कोठडीत ठेवावे हे ठरवताना पैशाच्या जामिनाऐवजी ‘जोखीम-मूल्यांकना’चा आधार घेऊ लागली आहेत, असा ओझरता उल्लेख गेल्या अंकात या सदरात आला होता. त्यावर आलेली पत्रे आणि त्यांतली कळकळ पाहून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. ‘अमेरिकेत आता संगणक जामीन ठरवतो’ असे विधान एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? आणि त्या संगणकाला नेमके काय विचारले जाते?

हे विधान जसेच्या तसे खरे नाही. आदेश न्यायाधीशच देतात, आणि ज्याला संगणक म्हटले जाते ती पुष्कळ ठिकाणी कागद-पेन्सिलीनेही करता येईल अशी साधी बेरीज असते. अशा अनेक पद्धती प्रचलित आहेत. त्यांपैकी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ‘पब्लिक सेफ्टी असेसमेंट’ ही पद्धत उदाहरणादाखल घेऊ, कारण तिचे गुण जाहीर असल्यामुळे कोणालाही ती तपासून पाहता येते. लॉरा अँड जॉन अर्नोल्ड फाउंडेशन या खासगी प्रतिष्ठानाने सुमारे ३०० न्यायक्षेत्रांतील साडेसात लाखांच्या आसपास खटल्यांच्या नोंदींवरून ती तयार करवून घेतली आणि २०१३ मध्ये केंटकी राज्यात ती प्रथम वापरात आली.

या पद्धतीत आरोपीची मुलाखत घेतली जात नाही. सारे काही नोंदींतून उचलले जाते. अटकेच्या वेळचे वय, सध्याचा आरोप हिंसक गुन्ह्याचा आहे का, त्या वेळी दुसरा एखादा खटला प्रलंबित होता का, पूर्वी किरकोळ, गंभीर किंवा हिंसक गुन्ह्यात दोषसिद्धी झाली होती का, गेल्या दोन वर्षांत आणि त्याआधी न्यायालयात गैरहजेरी लागली होती का, आणि पूर्वी कारावासाची शिक्षा झाली होती का, अशा नऊ बाबी पाहिल्या जातात. त्यांवरून तीन उत्तरे निघतात. तारखेला हजर न राहण्याची शक्यता आणि सुटकेच्या काळात नव्या गुन्ह्यासाठी अटक होण्याची शक्यता या दोहोंसाठी १ ते ६ असा अंक मिळतो, आणि हिंसक गुन्ह्याच्या शक्यतेसाठी एक वेगळी खूण असते, जी एक तर लागते किंवा लागत नाही.

आता गुणांकडे पाहा, कारण खरा मजकूर तिथे आहे. नव्या अटकेच्या शक्यतेचा अंक काढताना पूर्वी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीबद्दल एक गुण मिळतो. ज्याच्यावर अद्याप सिद्ध न झालेला दुसरा खटला प्रलंबित आहे त्याला मात्र तीन गुण मिळतात. वय २२ किंवा त्याहून कमी असेल तर दोन गुण, आणि पूर्वी तुरुंगवासाची शिक्षा भोगली असेल तरीही दोनच. म्हणजे केवळ तरुण असणे आणि शिक्षा भोगून आलेले असणे यांचे या तराजूत वजन सारखे आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही, कारण जुन्या नोंदींत तरुणांना पुन्हा अटक होण्याचे प्रमाण खरोखरच जास्त आढळते. परंतु फौजदारी कायदा शिकणाऱ्या विद्यार्थिनीने येथे थांबून विचार करावा असे मला वाटते. वय हा काही कोणाचा अपराध नव्हे, आणि प्रलंबित खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकवीस वर्षांचा मुलगा आहे, त्याच्यावर आधीचा एक खटला प्रलंबित आहे, गेल्या वर्षी त्याची एक तारीख चुकली होती, आजवर तो कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नाही आणि सध्याचा आरोपही हिंसेचा नाही. गैरहजेरीच्या अंकासाठी प्रलंबित खटल्याचा एक आणि चुकलेल्या तारखेचे दोन मिळून तीन गुण होतात. नव्या अटकेच्या अंकासाठी वयाचे दोन, प्रलंबित खटल्याचे तीन आणि तारखेचा एक मिळून सहा होतात. ठरलेल्या कोष्टकात बसवल्यावर दोन्हीकडे त्याचा अंक ‘चार’ येतो. हा ‘चार’ त्या मुलाविषयी काहीच सांगत नाही. त्याच्यासारख्या नोंदी असलेल्या माणसांपैकी पूर्वी किती जण गैरहजर राहिले किंवा पुन्हा पकडले गेले, एवढेच तो सांगतो.

आणि चार आल्यावर पुढे काय करायचे, हे तर अंकात अजिबात लिहिलेले नसते. ते ठरवणारा तक्ता प्रत्येक न्यायक्षेत्र स्वतंत्रपणे बनवते. एखाद्या ठिकाणी चारला महिन्यातून एकदा दूरध्वनीवर हजेरी पुरते. दुसऱ्या ठिकाणी त्याच चारला पायात इलेक्ट्रॉनिक कडे अडकवले जाऊ शकते. म्हणून आपण ऐकलेले विधान दुरुस्त करायचे झाले तर मी असे म्हणेन की गणित फक्त शक्यता मोजते, आणि कोणत्या शक्यतेला घाबरून माणसाला अडकवायचे याची रेघ माणसेच ओढतात. वाद घालायचा असेल तर तो त्या रेघेशी घालावा; दुर्दैवाने बहुतेक चर्चा गणिताभोवतीच फिरत राहते.

प्रश्न : न्यायालयात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. कागद वाचून, आरोपीकडे पाहून, अनुभवाने जामीन ठरवणारे न्यायाधीश मी रोज पाहिले. त्यांच्यावर विश्वास न ठेवता आकड्याची गरज कोणाला आणि का वाटली?

आपल्या अनुभवाचा मान ठेवूनच सांगतो की अमेरिकेतला प्रश्न न्यायाधीशांच्या अनुभवापासून सुरू झाला नाही, तो पैशापासून सुरू झाला. तेथील पारंपरिक पद्धतीत न्यायालय एक रक्कम ठरवते आणि ती भरणारा सुटतो. ज्याच्याकडे रक्कम नसते तो जामीन-व्यावसायिकाकडे जातो. हा व्यावसायिक साधारणपणे दहा टक्के शुल्क घेऊन हमी देतो आणि आरोपी पुढे निर्दोष सुटला तरी ते शुल्क परत मिळत नाही. असा व्यापारी जामीन अमेरिका आणि फिलिपिन्स हे दोन देश सोडले तर जगात जवळपास कोठेच नाही. ज्याला हे दहा टक्केही जमत नाहीत तो आत राहतो. न्यू जर्सीच्या तुरुंगांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सुमारे १२ टक्के कैदी केवळ २,५०० डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता न आल्यामुळे अडकलेले आढळले. त्यांच्यापासून समाजाला फार धोका आहे असे कोणी ठरवले नव्हते. त्यांच्याकडे पैसे नव्हते, एवढेच.

आत राहिल्याचा परिणाम खटल्यावरही होतो. टेक्सासमधील हॅरिस काउंटीत किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर बाबतींत सारख्या असलेल्या आरोपींची तुलना करता कोठडीत राहिलेल्यांनी गुन्हा कबूल करण्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा होण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त निघाले. आत राहून खटल्याची वाट पाहण्यापेक्षा कबूल करून घरी जाणे लवकर होते, आणि नोकरी व लहान मुले बाहेर असलेल्या माणसाला हा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आकड्याची पहिली कल्पना याच अन्यायातून आली, आणि तिची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लुई श्वाइत्झर या उद्योजकाला न्यूयॉर्कमधील कोठड्यांत केवळ पैशाअभावी खितपत पडलेले तरुण पाहून अस्वस्थ वाटले. त्यांनी हर्बर्ट स्टुर्झ यांना सोबत घेऊन १९६१ मध्ये आईच्या नावाने ‘व्हेरा फाउंडेशन’ स्थापन केले आणि ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी अटक झालेल्यांना भेटत आणि विचारत की तुम्ही शहरात किती वर्षे राहता, घरी कोण आहे, काम कुठे करता. प्रत्येक उत्तराला गुण असत. पाच गुण मिळाले आणि शहराच्या परिसरातला पत्ता असला की त्या माणसाला जातमुचलक्यावर, म्हणजे केवळ स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावे अशी शिफारस न्यायालयाकडे जाई. पहिल्या तीन वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास लोक असे सुटले, आणि त्यांतले जाणूनबुजून गैरहजर राहिलेले दोन टक्क्यांहूनही कमी होते. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या संघराज्याच्या जामीन-सुधारणा कायद्यामागे हा अनुभव होता.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मॅनहॅटनचे गुण हे सोडण्याच्या बाजूचे गुण होते. जितके जास्त, तितका माणूस समाजात रुजलेला. पुढे १९८४ च्या कायद्याने ‘समाजाला धोका’ हाही कोठडीचा आधार ठरवला, आणि १९८७ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध सालेर्नो’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेशी सुसंगत मानले. मात्र स्वातंत्र्य हा नियम असून खटल्यापूर्वीची कोठडी हा काटेकोरपणे मर्यादित अपवाद आहे, असेही त्याच निकालात म्हटले. त्यानंतरच्या पद्धतींतले गुण उलट दिशेने मोजले जातात. जितके जास्त, तितका माणूस धोक्याचा. घर, नोकरी, कुटुंब या बाबी अनेक पद्धतींतून गाळल्या गेल्या. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, कारण या बाबी शेवटी गरिबीच मोजतात असा आक्षेप होता आणि तो बराचसा खरा आहे. परंतु त्यामुळे माणसाच्या बाजूने बोलणारे सारे गेले आणि त्याच्याविरुद्धच्या नोंदी तेवढ्या उरल्या.

राहिला न्यायाधीशांच्या अनुभवाचा मुद्दा. न्यूयॉर्क शहरातील जामिनाच्या निर्णयांची संगणकीय भाकितांशी तुलना करणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. पुन्हा होणाऱ्या गुन्ह्यांचे प्रमाण न वाढवता कोठडीतील संख्या सुमारे ४२ टक्क्यांपर्यंत कमी करता आली असती, असा त्याचा निष्कर्ष होता. यातून न्यायाधीश अक्षम ठरतात असे मी मानत नाही. काही मिनिटांत उरकल्या जाणाऱ्या सुनावणीत, वर्तमानपत्राच्या मथळ्याची धास्ती मनात असताना, कोणताही माणूस डोळ्यांसमोरच्या आरोपाला जास्त वजन देतो. सोडलेल्याने काही केले तर ते सर्वांना दिसते, आणि विनाकारण अडकवलेला माणूस कोणालाच दिसत नाही. आकड्याचा खरा उपयोग असलाच तर तो न दिसणारा माणूस दाखवण्यात आहे.

प्रश्न : ही पद्धत कृष्णवर्णीयांवर अन्याय करते असे वाचले, आणि बनवणारे म्हणतात की ती सर्वांना सारखीच लागू होते. दोघांपैकी खोटे कोण बोलते?

दोघेही खरे बोलत असू शकतात, आणि हीच या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीतील सात हजारांहून अधिक लोकांचे ‘कॉम्पास’ या दुसऱ्या एका जोखीम-मूल्यांकन पद्धतीने काढलेले अंक तपासले. पुढील दोन वर्षांत ज्यांच्यावर नवा गुन्हा नोंदला गेला नाही अशांपैकी कृष्णवर्णीयांना सुमारे ४५ टक्के वेळा ‘जास्त जोखीम’ ठरवले गेले होते, तर गोऱ्यांना सुमारे २३ टक्के वेळा. पद्धत बनवणाऱ्या कंपनीचे उत्तर असे होते की सारखाच अंक मिळालेले कृष्णवर्णीय आणि गोरे पुढे साधारण सारख्याच प्रमाणात पुन्हा पकडले गेले, तेव्हा अंकाचा अर्थ दोघांसाठी एकच आहे.

हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. दोन गट घ्या, प्रत्येकी एक हजार माणसांचे. पहिल्यात ४०० जणांना पुन्हा अटक होते, दुसऱ्यात २०० जणांना. पद्धत अशी की ‘जास्त’ म्हटलेल्यांपैकी ६० टक्के आणि ‘कमी’ म्हटलेल्यांपैकी १० टक्के पुन्हा पकडले जातात, आणि हे दोन्ही गटांत तंतोतंत सारखे. हिशेब जुळवला तर पहिल्या गटात ६०० जणांना ‘जास्त’ म्हणावे लागते आणि दुसऱ्यात २०० जणांना. पहिल्या गटात पुन्हा अटक न झालेल्या ६०० माणसांपैकी २४० जणांवर, म्हणजे ४० टक्क्यांवर, विनाकारण ‘जास्त’चा शिक्का बसतो, दुसऱ्या गटात पुन्हा अटक न झालेल्या ८०० पैकी ८० जणांवर, म्हणजे १० टक्क्यांवर. अंकाचा अर्थ दोन्हीकडे एकच, आणि निरपराध राहिलेल्यांवर पडणारा भार मात्र चौपट. मूळ प्रमाणे वेगळी असतील आणि भाकीत अचूक नसेल तर दोन्ही प्रकारची समानता एकदम साधता येत नाही, हे गणितज्ञांनी सिद्ध केले आहे. म्हणजे कोणती समानता हवी ते निवडावेच लागते, आणि ती निवड गणिताच्या हाती नाही.

मात्र माझा मुख्य आक्षेप याच्याही अलीकडचा आहे. वरच्या उदाहरणात मी ‘पुन्हा अटक’ म्हटले, ‘पुन्हा गुन्हा’ म्हटले नाही. या पद्धती अटकेचे किंवा नोंदलेल्या आरोपाचेच भाकीत करतात, कारण नोंद तेवढ्याचीच असते. अमेरिकेतील नागरी स्वातंत्र्य संघटना ‘एसीएलयू’ हिच्या २०१३ च्या अहवालानुसार गांजाचा वापर कृष्णवर्णीयांत आणि गोऱ्यांत साधारण सारखाच असताना तो बाळगल्याबद्दल अटक होण्याचा दर कृष्णवर्णीयांमध्ये ३.७३ पट होता. पोलीस ज्या वस्तीत जास्त फिरतात तिथे नोंदी जास्त होतात, नोंदींमुळे अंक वाढतो, आणि वाढलेला अंक पुढच्या कोठडीचे कारण बनतो. अशा वेळी पद्धत माणसाला मोजते असे म्हणण्यापेक्षा ती पोलिसांच्या गस्तीला मोजते असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत अटक आणि वर्तन यांतले अंतर कमी असते हे खरे. पण तिथे दुसरी अडचण येते. सुटकेच्या काळात हिंसक गुन्ह्यासाठी अटक होणे इतके विरळ आहे की ज्यांना धोक्याची खूण लागते त्यांतले बहुसंख्य लोकही कधी तसे काही करत नाहीत.

याच कारणांनी २०१८ मध्ये शंभरहून अधिक नागरी हक्क संघटनांनी एकत्र येऊन या पद्धतींना विरोध जाहीर केला, आणि वर्षानुवर्षे त्यांचा पुरस्कार करणाऱ्या ‘प्रीट्रायल जस्टिस इन्स्टिट्यूट’नेही २०२० मध्ये आपली भूमिका बदलली. चूक उघडपणे मान्य करणाऱ्या संस्थेबद्दल मला आदर वाटतो.

प्रश्न : आरोपीला आपला अंक पाहता येतो का? त्याला आव्हान देता येते का?

पद्धतीवर अवलंबून आहे. वर सांगितलेल्या ‘पब्लिक सेफ्टी असेसमेंट’चे गुण जाहीर असल्यामुळे वकील बेरीज तपासू शकतो आणि नोंद चुकीची असेल तर तसे दाखवू शकतो. ‘कॉम्पास’चे सूत्र कंपनीचे व्यापारी गुपित आहे. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, शिक्षा ठरवण्याच्या संदर्भात, लेखी सावधगिरीच्या सूचनांसह तिचा वापर चालू राहू दिला. जे सूत्र बचावाच्या वकिलाला दाखवता येत नाही ते कोणाच्या स्वातंत्र्याच्या निर्णयात येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : तात्त्विक चर्चा पुरे. या पद्धतीमुळे तुरुंग रिकामे झाले की नाही?

काही ठिकाणी झाले आणि काही ठिकाणी नाही, आणि फरक कशामुळे पडला हे पाहिले की बरेच उलगडते.

केंटकीने २०११ च्या कायद्याने न्यायाधीशांना जोखीम-मूल्यांकन विचारात घेणे बंधनकारक केले. सुरुवातीला सुटकेचे प्रमाण थोडे वाढले, पण काही काळाने न्यायाधीश आपल्या जुन्या सवयींकडे परतले आणि तो फायदा बराचसा ओसरला. शिफारस डावलण्याची मुभा होतीच. ती कोणाच्या बाबतीत वापरली गेली याच्या अभ्यासात असे दिसले की मध्यम अंक असलेल्या कृष्णवर्णीय आरोपींच्या बाबतीत सुटकेची शिफारस अधिक वेळा बाजूला ठेवली गेली. म्हणजे अंक सारखा असूनही हात सारखा नव्हता.

न्यू जर्सीत मतदारांनी २०१४ मध्ये राज्यघटनेतील दुरुस्ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०१७ पासून नवी व्यवस्था लागू झाली. तिथे अंक होताच, पण त्याबरोबर पैशाचा जामीन जवळजवळ संपवला गेला, कोठडी हवी असल्यास सरकारी वकिलाने अर्ज करून वकिलासह सुनावणीत ती सिद्ध करावी असा नियम आला, आणि खटल्यांना मुदती घातल्या गेल्या. २०१५ च्या अखेरीपासून २०१८ च्या अखेरीपर्यंत खटल्यापूर्वीच्या कैद्यांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. एवढ्या घटीचे श्रेय अंकाला द्यावे की नियमांना, असे मला कोणी विचारले तर मी निःशंकपणे नियमांना देईन. तुरुंगातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण मात्र २०१२ मध्ये ५४ टक्के होते आणि २०१८ मध्येही ५४ टक्केच राहिले. आत असलेली माणसे खूप कमी झाली, पण त्यांची विभागणी बदलली नाही.

कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये पैशाच्या जामिनाऐवजी जोखीम-मूल्यांकन आणणारा कायदा मंजूर झाला, परंतु नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात मतदारांनी तो फेटाळला. जामीन-व्यवसाय त्याच्या विरोधात होता हे ओघाने आलेच. पण काही नागरी हक्क संघटनाही विरोधात होत्या, कारण पैशाच्या जागी आकडा आल्याने त्यांचे समाधान होत नव्हते. इलिनॉयने वेगळी वाट धरली. १८ सप्टेंबर २०२३ पासून तेथे पैशाचा जामीन पूर्णपणे बंद झाला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. तेथे अंक वापरता येतो, पण केवळ अंकाच्या आधारावर कोणाला कोठडीत ठेवता येत नाही. सरकारी पक्षाला स्पष्ट व खात्रीलायक पुरावा द्यावा लागतो. आज अस्तित्वात असलेल्या व्यवस्थांपैकी ही मला सर्वांत समंजस वाटते.

प्रश्न : आपल्या देशातले तुरुंग कच्च्या कैद्यांनी भरलेले आहेत. अशी एखादी पद्धत आपल्याकडे आणली तर गरिबांची सुटका होणार नाही का?

या प्रश्नामागची तळमळ मी समजू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्या दर चार जणांपैकी तीन जण न्यायाधीन बंदी आहेत. परंतु मॅनहॅटनची ती कल्पना आपल्याकडे येऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे अडकलेल्यांच्या ‘हुसैनारा खातून’ खटल्यात १९७९ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्या प्रकल्पाचा नावाने उल्लेख केला. आरोपी त्या गावात किती काळ राहतो, त्याचे काम, कुटुंब, लौकिक, पूर्वीची नोंद, त्याच्याविषयी ग्वाही देणारी माणसे, अशा बाबी पाहून तो समाजात रुजलेला आढळल्यास त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी गुण दिले नाहीत, पण दिशा मॅनहॅटनचीच होती, म्हणजे सोडण्याची कारणे शोधण्याची. त्याआधी १९७८ मध्ये ‘मोतीराम’ खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका गवंड्याकडे मागितलेली दहा हजार रुपयांची हमी आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारणे, या दोन्ही गोष्टींवर कठोर शब्दांत टीका केली होती.

आजची अमेरिकी पद्धत तशीच उचलून आणण्याला मात्र माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. त्या पद्धतीत प्रलंबित खटल्याला तीन गुण आहेत. आपल्याकडे खटला दहा-दहा वर्षे प्रलंबित राहू शकतो आणि त्यात आरोपीचा काहीही दोष नसतो. म्हणजे न्यायालयाच्या दिरंगाईचे गुण आरोपीच्या खात्यावर चढतील. शिवाय १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या वस्त्यांवर तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही संशयाने छापे पडतच राहिले. पारधी समाजातील तरुणाच्या नावावर किती नोंदी आहेत यावरून त्याचा धोका मोजणे म्हणजे दीडशे वर्षांच्या संशयाला दशांश चिन्हासह मान्यता देणे होय.

आपल्याकडे हाताशी असलेली साधने आधी वापरावीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असण्यासारखे अपवाद वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे असते; इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, कैद्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करता येतो, आणि महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करू शकते. हा अहवाल म्हणजे मॅनहॅटनच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मुलाखतीचाच भाऊ आहे. त्याला अंकाची नव्हे, तो लिहायला जाणाऱ्या माणसाची गरज आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका किरकोळ गुन्ह्यात जामिनावर आहे. वडिलांना अचानक रुग्णालयात न्यावे लागल्याने त्याची एक तारीख चुकली आणि वॉरंट निघाले. आपण सांगता त्या पद्धतीत अशा मुलालाही पळपुटा समजतील का? आणि आम्ही आता काय करावे?

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘होय’ असेच येते, आणि ही त्या पद्धतीतली मोठी उणीव आहे. देश सोडून पळालेला आणि बस चुकलेला, दोघांच्याही नावापुढे ‘गैरहजर’ हाच शब्द असतो. वस्तुतः दुसऱ्या प्रकारची माणसे फार जास्त असतात आणि त्यांच्यासाठी कोठडी हा उपायच नव्हे. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सचा नमुना बदलून तारीख आणि ठिकाण ठळक जागी छापले, तेवढ्याने गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. तारखेआधी भ्रमणध्वनीवर आठवणीचे संदेश पाठवले तेव्हा ती २१ टक्क्यांनी घटली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष मला या साऱ्या विषयातले सर्वांत आशादायक वाटतात. ज्या माणसाची तारीख चुकण्याची शक्यता जास्त आहे असे अंक सांगतो, त्याला कोठडीऐवजी एक संदेश, प्रवासखर्च किंवा सोयीची तारीख देता येते. अंक तोच, वापर वेगळा.

आता आपल्या भावाविषयी. पुढच्या तारखेची वाट पाहू नये. वकिलामार्फत त्याने स्वतः न्यायालयात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज शक्य तितक्या लवकर द्यावा आणि सोबत वडिलांच्या रुग्णालयातील दाखल्याची तारखेसह प्रत जोडावी. स्वतःहून आलेल्या माणसाकडे न्यायालय पकडून आणलेल्या माणसापेक्षा वेगळ्या नजरेने पाहते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. भाऊ कोठडीत असेल तर त्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाहेर असेल तर उत्पन्नाची मर्यादा पाहिली जाते. पुढे पुन्हा अशी अडचण आली तर त्याच दिवशी वकिलाने हजेरी-माफीचा अर्ज देणे आवश्यक आहे, आणि खटल्याचा क्रमांक ‘ई-कोर्ट्स’च्या ॲपमध्ये नोंदवून ठेवल्यास पुढची तारीख घरबसल्या पाहता येते. वडिलांच्या प्रकृतीला आराम पडो.